गणिताची असाइनमेंट दुरुस्त करून पुन्हा देणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नागपूर परिसरात बीएस्सी-एमएस्सीला गणित शिकवणाऱ्यांसाठी आणि शिकणाऱ्यांसाठी आहे. प्रश्न दोन्हीकडून येतात, त्यामुळे काही उत्तरं विद्यार्थ्याशी बोलतात, काही शिक्षकाशी. दिवसांचे आणि गुणांचे जे आकडे दिले आहेत ते सुरुवात करण्यापुरते आहेत. वर्ग बघून बदलावेत, पण सेमिस्टर सुरू झाल्यावर बदलू नयेत.

दुरुस्ती म्हणजे नेमकं काय?

तपासून परत आलेला चुकलेला प्रश्न विद्यार्थी पुन्हा सोडवतो आणि चूक कुठे झाली, का झाली, हे स्वतःच्या शब्दांत लिहून सोबत जोडतो. हा दुसरा भाग नसेल तर ती दुरुस्ती नाही, उतरवून काढणं आहे. बरोबर उत्तर मिळवणं आता कुणालाच अवघड राहिलेलं नाही. ते बाजूच्या बाकावर असतं, यूट्यूबवर असतं, चॅटजीपीटीवर असतं. स्वतःची चूक मात्र स्वतःच्याच वहीत सापडते. म्हणून या पद्धतीत परत मिळणाऱ्या गुणांचा मोठा वाटा चुकीच्या निदानाला आहे, नव्या उत्तराला नाही. खालचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

विद्यापीठाच्या पेपरला हे लागू होतं का?

नाही. हिवाळी किंवा उन्हाळी परीक्षेची उत्तरपत्रिका एकदा जमा झाली की त्यात विद्यार्थ्याला काही लिहिता येत नाही. छायाप्रत मागवणं आणि पुनर्मूल्यांकन हा वेगळा मार्ग आहे. तिथे तपासणाऱ्याने पुन्हा बघायचं असतं, लिहिणाऱ्याने पुन्हा लिहायचं नसतं. आपण बोलतोय ते फक्त महाविद्यालयाच्या हातात असलेल्या अंतर्गत मूल्यमापनाबद्दल.

अंतर्गत गुणांत तरी नियमात बसतं का?

अंतर्गत गुण किती आणि ते कशाकशाचे, हे अभ्यासक्रमाच्या योजनेत छापलेलं असतं. आधी ते वाचा. त्या चौकटीत असाइनमेंट कशी घ्यायची हे विभाग ठरवत असेल तर अडचण येत नाही. तीन गोष्टी मात्र पाळा. विभागाच्या बैठकीत ठराव करून तो इतिवृत्तात नोंदवा. पहिल्या आठवड्यातच लेखी सूचना लावा, आणि ती सगळ्या तुकड्यांना सारखी असू द्या. एका तुकडीला दुरुस्ती आणि दुसरीला नाही, असं झालं की तक्रार येते आणि ती रास्तही असते. तिसरं म्हणजे गुण विद्यापीठाकडे भरण्याच्या शेवटच्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी सगळ्या फेऱ्या संपवा.

नॅक, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद, तिच्या तपासणीत मूल्यमापनाची प्रक्रियाही बघितली जाते. नोंदी नीट ठेवल्या तर त्या तिथे दाखवता येतात. फक्त नॅकसाठी हे सुरू करायचं असेल तर न केलेलं बरं. फाइल जाड होते, बाकी काही बदलत नाही.

चूक सांगणारा कागद कसा लिहायचा?

प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासाठी नवा फुलस्केप कागद घ्या. त्यावर चार गोष्टी या क्रमाने लिहा: चूक कोणत्या ओळीत आहे, ती ओळ लिहिताना मनात काय होतं, ते का चालत नाही, आणि मग पहिल्या ओळीपासून संपूर्ण नवं उत्तर. जुना तपासलेला कागद खाली लावून स्टेपल करा. जुन्या कागदावर खाडाखोड करू नका. मूळ चूक दिसली नाही तर दुरुस्ती तपासता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. बीएस्सीला हमखास येणारा प्रश्न: एक्स-वर्ग हे फलन एक्स = २ पाशी संतत आहे, हे एप्सिलॉन-डेल्टा व्याख्येवरून सिद्ध करा. (म्हणजे दिलेल्या प्रत्येक धन एप्सिलॉनसाठी असा धन डेल्टा शोधायचा, की एक्स २ पासून डेल्टापेक्षा कमी अंतरावर असला की एक्स-वर्ग ४ पासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर राहतो.) विद्यार्थी असं लिहितो:

|एक्स-वर्ग − ४| = |एक्स − २| · |एक्स + २|. हे एप्सिलॉनपेक्षा कमी हवं, म्हणून डेल्टा = एप्सिलॉन ÷ |एक्स + २| घेऊ.

यावर ‘डेल्टा चुकला होता, आता बरोबर घेतला’ एवढंच लिहून आणलं तर त्याला शून्य. ‘लक्ष नव्हतं’ यालाही शून्य, कारण लक्ष दिलं असतं तरी हीच चूक झाली असती. चालणारं निदान साधारण असं असतं:

‘तिसऱ्या ओळीत मी डेल्टा एक्सवर अवलंबून ठेवला. मला वाटलं, असमानता सोडवून जे येईल तोच डेल्टा. पण व्याख्येत एप्सिलॉन आधी मिळतो, त्यावरून डेल्टा ठरतो आणि त्यानंतर एक्स येतो. मी डेल्टा ठरवताना एक्स अजून आलेलाच नव्हता.’

यात क्रम कुठे उलटला ते कळलेलं दिसतं. त्यापुढचं उत्तर सोपं आहे: आधी |एक्स − २| < १ असं बंधन घातलं की एक्स १ आणि ३ यांच्यामध्ये राहतो, म्हणून |एक्स + २| हे ५ पेक्षा कमी राहतं. आता डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन ÷ ५ यांतली लहान संख्या. हे ५ कुठून आले ते मात्र लिहायला हवं. ‘डेल्टा = मिनिमम (१, एप्सिलॉन ÷ ५)’ एवढी एकच ओळ पाठ करून लिहिणारे दर वर्गात असतात. त्यांना फक्त एवढं विचारा की बिंदू २ ऐवजी ३ असता तर ५ च्या जागी काय आलं असतं. उत्तर ७. ज्याला कळलंय तो दहा सेकंदांत सांगतो.

शिक्षकाने पहिल्या फेरीत काय लिहायचं?

शक्य तितकं कमी. चुकलेल्या ओळीखाली रेघ आणि समासात एक खूण. संपूर्ण बरोबर पायरी लाल शाईने लिहून दिली तर दुरुस्ती शिक्षकानेच केली, विद्यार्थ्याला ती फक्त सुवाच्य अक्षरात काढायची उरली.

पाच-सहा खुणा पुरतात, आणि त्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच छापून वाटायच्या.

‘व्या’ म्हणजे व्याख्या चुकीची किंवा अर्धवट. उपगट सिद्ध करताना तो रिक्त नाही हे न दाखवणं यातच येतं.

‘अट’ म्हणजे प्रमेय वापरलं, पण ते लागू होण्याची अट तपासली नाही. मध्यमान प्रमेय लावलं, पण फलन बंद अंतरालावर संतत आहे का हे पाहिलंच नाही. किंवा दोन्ही बाजूंना एखाद्या राशीने भागलं आणि ती शून्य असू शकते हे विसरलं.

‘उलट’ म्हणजे विधान एका दिशेचं, वापरलं दुसऱ्या दिशेने. श्रेणी अभिसारी असेल (म्हणजे तिची बेरीज एका ठरावीक संख्येकडे जात असेल) तर तिची पदं शून्याकडे जातात, हे खरं. पदं शून्याकडे जातात म्हणून श्रेणी अभिसारी, हे खोटं. १ + १/२ + १/३ + … ही श्रेणी समोर उभी आहे. लाग्रांजच्या प्रमेयाचंही तेच होतं. उपगटाची कोटी, म्हणजे घटकांची संख्या, गटाच्या कोटीला भागते, पण भागणाऱ्या प्रत्येक संख्येइतका उपगट असतोच असं नाही: चार वस्तूंच्या सम क्रमचयांच्या गटात १२ घटक आहेत, आणि त्यात ६ घटकांचा उपगट नाही.

‘गृ’ म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं. गणिती विगमनात के + १ साठीचं समीकरण पहिल्याच ओळीत लिहून, दोन्ही बाजू सोडवत ० = ० पर्यंत यायचं आणि ‘म्हणून सिद्ध’ म्हणायचं, हा त्याचा सगळ्यात प्रसिद्ध अवतार.

‘उदा’ म्हणजे चार उदाहरणं तपासून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढला. यावर ऑयलरची एन-वर्ग + एन + ४१ ही राशी समासात लिहून देण्यासारखी आहे. एन = ० पासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्याच येते, आणि ४० ला १६८१, म्हणजे ४१ × ४१.

‘ग’ म्हणजे निव्वळ आकडेमोड. चिन्ह चुकलं, बेरीज चुकली. याला निदानाचा कागद मागू नका. त्याच ओळीपासून पुढे सोडवून दिलं की झालं.

एका ओळीला एकच खूण. दोन लागू होत असतील तर वरची, म्हणजे जी आधी घडली ती. आणि खूण नेमकी कुठे लावायची याची काळजी घ्या: चूक चौथ्या ओळीत झाली आणि उत्तर नवव्या ओळीत बिघडलेलं दिसलं, तर रेघ चौथ्या ओळीखाली हवी. नवव्या ओळीखाली रेघ दिली तर विद्यार्थी नववीच दुरुस्त करून आणतो.

‘सर, उत्तर तं बरोबर आलं ना!’

हे दर वर्षी ऐकू येतं. उत्तर बरोबर आणि वाट चूक, असं गणितात सर्रास होतं. एखादी श्रेणी खरंच अभिसारी आहे, आणि विद्यार्थ्याने ती ‘पदं शून्याकडे जातात’ या कारणाने अभिसारी ठरवली. निष्कर्ष खरा, कारण खोटं. अशा प्रश्नांची दुरुस्ती जरूर मागावी. निदानात विद्यार्थ्याने असं एक उदाहरण द्यायचं, जिथे त्याचीच वाट वापरली तर उत्तर चुकतं. आमच्या मते दुरुस्तीचा सगळ्यात जास्त फायदा याच प्रश्नांत होतो, कारण इथे चूक दाखवून दिल्याशिवाय दिसतच नाही.

कोणते प्रश्न दुरुस्तीला द्यावेत, कोणते देऊ नयेत?

सिद्धता, प्रति-उदाहरणं, ‘खरं की खोटं, कारणासह’ आणि शाब्दिक गणितं द्यावीत. ठोकळेबाज आकडेमोडीचे प्रश्न, जसं सारणीचा (मॅट्रिक्सचा) व्यस्त काढा किंवा संकलन (इंटिग्रेशन) करा, त्याच आकड्यांसह परत देण्यात अर्थ नाही. तिथे आकडे बदलून नवा प्रश्न द्या. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या प्रभुत्व-अध्ययनाच्या कल्पनेतही असंच आहे: चाचणी, मग जे कच्चं राहिलं त्यावर काम, आणि मग तीच नव्हे तर तिच्यासारखी दुसरी चाचणी. आपल्याकडे ‘पुन्हा टेस्ट घेतली’ म्हणताना मधली पायरी गळते. तोच कच्चा विद्यार्थी तसाच दुसऱ्यांदा बसतो.

कोरा सोडलेला प्रश्न नंतर लिहून दिला तर?

गुण नाहीत. दुरुस्ती करायला आधी काहीतरी असावं लागतं. ‘काहीतरी’ किती, हे आधीच सांगून ठेवा: दिलेलं काय, सिद्ध काय करायचं, संबंधित व्याख्या, आणि पुढे जाण्याचा किमान एक प्रयत्न. फसलेला प्रयत्नही चालतो. ही अट नसेल तर दुसऱ्या असाइनमेंटपासूनच पहिली फेरी कोऱ्या कागदांची होते.

किती गुण परत द्यायचे?

गेलेल्या गुणांच्या निम्मे, त्याहून जास्त नाही. २० पैकी ८ मिळालेल्याने सगळं नीट दुरुस्त केलं तर ८ + ६ = १४. १६ मिळालेल्याने केलं तर १८. दोघांनीही मेहनत घेतली तर आधीचा क्रम कायम राहतो.

पूर्ण गुण परत दिले की दोघंही २० वर येतात आणि पहिल्या फेरीला कुणी गांभीर्याने घेत नाही. चौथा हिस्साच परत दिला तर ८ वाला ११ वर येतो, आणि तीन गुणांसाठी चार कागद लिहायला तो तयार होत नाही. निम्म्यावर दोन्ही टोकं सांभाळली जातात.

निम्म्या गुणांतही वाटणी करा. समजा प्रश्न ४ गुणांचा, मिळाला १, गेले ३. परत मिळू शकतात दीड. त्यातला १ निदानाला आणि अर्धा नव्या उत्तराला. निदान पोकळ आणि उत्तर सुरेख, तर अर्धाच मिळेल. अर्धे गुण प्रत्येक प्रश्नाला पूर्णांकात नेऊ नका, शेवटी एकूण बेरजेलाच न्या. नाहीतर पाच प्रश्नांत अडीच गुण फुकट वाढतात.

पहिल्याच वेळी चांगलं लिहिणाऱ्यावर हा अन्याय नाही का?

वरचा हिशेब पाहा. १२ गुणवाला सगळं दुरुस्त करून १६ वर येतो. १६ वाला काहीच न करता बसला तर दोघं बरोबरीला येतात. एवढं घडू शकतं, आणि त्यात गैर काही नाही. १६ वाल्यालाही तोच आठवडा मिळालेला असतो.

पूर्ण गुण मिळालेल्यांना काही करावं लागत नाही. हवं असेल तर त्यांना बिनगुणांचा एखादा टणक प्रश्न द्या. एक सोय मात्र टाळा: त्यांना इतरांच्या दुरुस्त्या तपासायला लावणं. वर्गातले संबंधही बिघडतात आणि तपासणीही.

एका फेरीचं वेळापत्रक कसं असावं?

प्रश्न दिल्यापासून सात दिवसांत पहिली फेरी. जमा झाल्यापासून सात दिवसांत तपासून परत. परत मिळाल्यापासून सात दिवसांत दुरुस्ती. मग चार-पाच दिवसांत अंतिम गुण. म्हणजे एका असाइनमेंटला जवळजवळ चार आठवडे. पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये अशा तीनच बसतात, आणि तीनच घ्या. पाच असाइनमेंट घेऊन पाचही दुरुस्तीला देण्याचा उत्साह ऑक्टोबरपर्यंत मावळतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते मधल्या सात दिवसांत. तपासून द्यायला तीन आठवडे लागले तर विद्यार्थ्याला तो काय विचार करत होता ते आठवतच नाही, आणि निदानाच्या जागी कल्पना लिहिली जाते. वेळेत परत देणं जमणार नसेल तर प्रश्न कमी करा. पाचाऐवजी तीन.

तारखा ठरवताना नागपूरचं कॅलेंडर समोर ठेवा. तान्ह्या पोळ्याला मारबत निघते, त्या दिवशी अर्धं शहर महाल-इतवारीत असतं. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाची दीक्षाभूमीवर गर्दी असते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की बर्डीवर मोर्चे आणि बंद रस्ते. काटोल, उमरेड, सावनेर, रामटेकहून एसटीने येणाऱ्यांसाठी अंतिम वेळ सकाळी दहाची ठेवू नका. दुपारी दोनची ठेवा. आणि शंका विचारायचा तास संध्याकाळी पाचनंतर ठेवला तर शेवटची गाडी पकडणारे कधीच येणार नाहीत. नेमका त्यांतल्याच बऱ्याच जणांना तो तास हवा असतो.

साठ मुलांचा वर्ग आहे. दोनदा तपासायला वेळ कुठून आणायचा?

अंदाजाने हिशेब मांडू. पाच प्रश्नांची असाइनमेंट, सविस्तर शेरे लिहून तपासली तर एका उत्तरपत्रिकेला आठ मिनिटं. साठांना आठ तास. फक्त रेघ आणि खूण केली तर पाच मिनिटं, म्हणजे पाच तास. दुरुस्ती समजा चाळीस जणांनी दिली, प्रत्येकी दोन प्रश्न, प्रश्नामागे तीन मिनिटं: चार तास. एकूण नऊ. एका तासाचा फरक पडतो, दुपटीचा नाही. शिवाय पहिल्या फेरीतले सविस्तर शेरे बहुतेक वेळा वाचलेच जात नाहीत. कागद हातात आला की नजर वरच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर जाते.

वर्ग १२० चा असेल तर दुरुस्तीला दोनच प्रश्न ठेवा आणि ते शिक्षकाने निवडा. निवड विद्यार्थ्यांवर सोडली तर ते सगळ्यात सोपी चूक निवडतात.

गुण आधी सांगायचे की दुरुस्तीनंतर?

दुरुस्तीनंतर सांगितलेले बरे. रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो: ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांची कामगिरी सुधारली, ज्यांना शेरे आणि गुण दोन्ही मिळाले त्यांची तशी सुधारली नाही. तो अभ्यास इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचा होता, पदवीच्या गणितावरचा नाही, तेव्हा तो जसाच्या तसा इथे चिकटवू नये. पण कारण ओळखीचं आहे. २० पैकी १३ दिसले की ‘पास तर झालो’ म्हणून कागद बॅगेत जातो.

गुण रजिस्टरमध्ये नोंदवून ठेवा आणि कागदावर फक्त खुणा द्या. आठवडाभर ‘सर, मार्क किती?’ ऐकायची तयारी असू द्या. आणि विद्यार्थ्याला निर्णय घेण्यापुरती माहिती हवीच, म्हणून प्रश्नापुढे ‘पूर्ण’, ‘थोडं बाकी’, ‘मुळातच अडलंय’ यांतलं एक लिहा.

आदर्श उत्तरं कधी द्यायची?

दुरुस्ती जमा झाल्यावर. तोवर वर्गात फक्त चुका बोला, उत्तरं नाही. तपासलेली असाइनमेंट परत देताना पंधरा मिनिटं काढून तीन नमुनेदार चुका फळ्यावर लिहा, नावं न घेता आणि थोड्या बदलून: ‘ही ओळ का चालत नाही?’ उदाहरणार्थ, ‘तीन सदिशांपैकी कोणतेही दोन रेषीय स्वतंत्र (लिनिअरली इंडिपेंडंट) आहेत, म्हणून तिन्ही स्वतंत्र’. वर्गातूनच (१, ०), (०, १), (१, १) यायला हवेत. नाही आले तर पुढच्या प्रकरणाकडे वळू नका.

मित्राकडून किंवा एआयकडून लिहून आणलं तर कसं कळणार?

कागदावरून नेहमी कळत नाही. सिद्धता गुळगुळीत आहे, इंग्रजी पुस्तकासारखं आहे, एवढ्यावरून आरोप करू नका. चुकीचा आरोप झाला तर तो विद्यार्थी पुन्हा शंका विचारायला येणार नाही. निदानही आता लिहून मिळतं. म्हणून तोंडी प्रश्न ठेवा: दर फेरीला पाचातल्या एका विद्यार्थ्याला चिठ्ठी काढून बोलवा, तीन मिनिटं. त्याचाच कागद समोर ठेवा आणि एका ओळीवर बोट ठेवून ‘ही का?’ विचारा. मग एक अट बदलून विचारा, वर ३ आणि ७ चं उदाहरण दिलं तसं. सांगता आलं नाही तर त्या प्रश्नाचे परत मिळालेले गुण रद्द. मूळ गुण तसेच राहतात. शिक्षा याहून मोठी नको.

मित्राशी चर्चा करायला हरकत नाही. कागदाच्या खाली ‘अमुकाशी चर्चा केली’ असं लिहावं, आणि लिहिताना समोर दुसऱ्याचा कागद नसावा.

मराठीत लिहिलं तर चालेल?

निदान मराठीत, हिंदीत, कसंही. नवं उत्तर मात्र विद्यापीठाचा पेपर ज्या भाषेत लिहिणार त्या भाषेत. इंग्रजीत निदान लिहायला लावलं की ‘सिली मिस्टेक’ आणि ‘कन्सेप्ट नॉट क्लिअर’ या दोन वाक्यांवर निम्मा वर्ग थांबतो. ‘मला वाटलं की वर्गमूळ दोन्हीकडे घेतलं तरी चिन्ह तेच राहते’ हे वाक्य ज्या भाषेत सुचलं त्याच भाषेत लिहू द्या. त्यातून शिक्षकाला जे कळतं ते कोणत्याही खुणेतून कळत नाही.

दुरुस्तीसुद्धा चुकली तर?

कागदी फेरी एकच. तिसऱ्यांदा लिहून आणा म्हटलं की सेमिस्टर संपेपर्यंत कागद फिरत राहतात. निदान बरोबर आणि उत्तर पुन्हा चूक असेल तर निदानाचे गुण द्या आणि पुढे जा. निदानच चूक असेल, आणि ‘व्या’ ची खूण असेल, तर दहा मिनिटं समोर बसवून बोला. तिथे बहुधा मागच्या सेमिस्टरचं काहीतरी अडलेलं असतं, ते कागदावरून सुटत नाही.

शिक्षकानेच चुकीचे गुण कापले असतील तर?

ती दुरुस्ती नव्हे, हरकत आहे. वेगळ्या चिठ्ठीवर, परत मिळाल्यापासून तीन दिवसांत द्या: प्रश्न क्रमांक, ओळ, आणि ती बरोबर का आहे. हरकत मान्य झाली तर पूर्ण गुण मिळतात, निम्मे नाही.

मोबाइलवर फोटो काढून पाठवायचं असेल तर?

एका असाइनमेंटची एकच पीडीएफ, आधी दुरुस्ती आणि मागे मूळ कागद, फाइलच्या नावात रोल नंबर आणि फेरी. फोटो खिडकीजवळ काढा, ट्यूबलाइटखाली नाही. हाताची सावली नेमकी समासातल्या खुणेवर पडते. पेन्सिलने लिहिलेलं फोटोत उठत नाही. लाटेक्समध्ये (गणित टाइप करायच्या संगणक-प्रणालीत) टाइप करण्याची सक्ती नको, ज्याला येतं त्याने करावं.

नोंद कशी ठेवायची?

रजिस्टरमध्ये प्रत्येक असाइनमेंटला तीन रकाने: मूळ गुण, परत मिळालेले, अंतिम. मूळ गुण कधीही खोडू नका. चौथ्या रकान्यात खुणा लिहिल्या तर आणखी एक उपयोग होतो: ज्या विद्यार्थ्यापुढे तिन्ही असाइनमेंटांत ‘उलट’ आहे, त्याला काय शिकवायचं ते समजतं, आणि ज्या प्रश्नापुढे चाळीस जणांना ‘अट’ आहे तिथे प्रश्नाची भाषा किंवा तो तास पुन्हा तपासायला हवा. कागद विद्यार्थ्याकडे परत जातात. विभागाकडे वरच्या, मधल्या आणि खालच्या गुणांचे दोन-दोन नमुने झेरॉक्स करून ठेवले की पुरे, नाव आणि रोल नंबरावर पट्टी लावून.